मंगळवारी येणारी मेश्राम

बाई, प्रकाशनाच्या मालकांच्या सांगण्यावरून तुमच्यावरचा एक लेख मी आधीच लिहून दिला आहे. जन्म कुठला, शाळा कोणती, मराठी किती वर्षं शिकवलं, निवृत्त झाल्यावर मुलांच्या शब्दकोशाचं काम कसं अंगावर घेतलं, सगळं त्यात आलं. फोटोही बरा छापलाय, कपाळावरची आठी स्पष्ट दिसते. त्या लेखातल्या प्रत्येक वाक्याला क्रियापद आहे. तुम्ही असतात तर शोधलं असतंत म्हणून मी दोनदा तपासलं. हा लेख मात्र तुमच्याशी बोलण्यासाठी आहे. तो कसाही झाला तरी चालेल.

आपली पहिली भेट तुमच्या लक्षात होती की नाही, मी कधी विचारलं नाही. कसबा पेठेतली प्रकाशकांची ती माडीवरची खोली, खाली तांब्याच्या हंड्यांवर पडणारे ठोके, आणि कानांत कापसाचे बोळे घालून कार्डांवर वाकलेल्या तुम्ही. मी वर्ध्याकडची, शिकायला म्हणून पुण्यात आले आणि इथलीच झाले. तोवर वीस वर्षं इथे काढली होती, पण घाईत असले की तोंडातून गावाकडचंच निघायचं. त्या दिवशी उशीर झाला होता. मी म्हटलं, "येऊनच राहिले होते, पण बस मिळाली नाही." तुम्ही एका कानातला बोळा काढलात, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "येऊन राहिलात? मग सामान कुठे आहे?" मला असा राग आला की तो पुढे कितीतरी वर्षं पुरला.

आपलं काम कार्डांवर चालायचं. पोस्टकार्डाएवढी पिवळट कार्डं, त्यावर तीन रकाने: शब्द, अर्थ, वाक्य. एकीनं लिहायचं, दुसरीनं पेन्सिलीनं दुरुस्त करून परत पाठवायचं. तुमची पेन्सिल हिरवी, माझी निळी, आणि दोन्ही लागल्याशिवाय कार्ड छपाईला जायचं नाही. कार्डावर शंका आली तर उत्तर कार्डावरच द्यायचं, तोंडी नाही. तोंडी ठरलेलं दोघींना वेगवेगळं आठवतं, असं तुमचं म्हणणं होतं, आणि ते खरंही होतं.

तुमचे गुडघे बोलायला लागले आणि तुम्ही पेठेत येणं थांबवलंत. मग दर मंगळवारी मीच कोथरूडला यायला लागले, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या तुमच्या सोसायटीत. शालनताई दार उघडायच्या. तुमची ही धाकटी बहीण तुमच्यावर थोरलीसारखी ओरडायची, ते मला फार आवडायचं. चहा आला तरी हातातलं कार्ड पुरं झाल्याशिवाय तुम्ही कपाला हात लावायचा नाहीत आणि मलाही लावू द्यायचा नाहीत, त्यामुळे इतक्या वर्षांत तुमच्याकडचा गरम चहा मी एकदाही प्यायलेली नाही. शालनताई म्हणायच्या, तुम्हा दोघींसाठी मी चहा करते तो कशाला, सरळ फ्रीजमध्येच ठेवते.

तुमच्या जिन्यात एकदा सेक्रेटरींनी सूचना लावली होती: 'गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या सभासदांनी.' पुढे काहीच नाही. लिहिता लिहिता त्यांना कुणीतरी बोलावलं असावं. तुम्ही पर्समधून हिरवी पेन्सिल काढून खाली लिहिलंत, 'काय करावे?' ती सूचना महिनाभर तशीच होती आणि सेक्रेटरींना अखेरपर्यंत वाटत राहिलं की पापडवाल्यांपैकीच कुणीतरी चिडून लिहिलंय.

भांडलो किती, बाई. 'फ'वर आपण महिनाभर अडलो. मी 'फाटलेला' या शब्दाचं वेगळं कार्ड केलं आणि तुम्ही ते परत पाठवलंत: धातुसाधित विशेषण आहे, 'फाटणे' पाहा. मी पुन्हा पाठवलं. तुमचं म्हणणं, फाटलेला, पिकलेला, रडणारा हे सगळे क्रियापदांच्या घरचे, विशेषणाच्या जागेवर नुसते येऊन बसतात. प्रत्येकाला वेगळी खोली द्यायची तर कोश कधी संपायचा? माझं म्हणणं, चौथीतल्या पोराला फाटणे दिसत नाही, फाटलेली चड्डी दिसते. त्या दिवशी तुम्ही मोठ्यानं हसलात आणि कार्डावर लिहिलंत, 'चड्डीपुरतं मान्य.' मग पिकलेला, तुटलेला, हरवलेला असे एकेक करून सगळे आत आले आणि तुम्ही दर वेळी कुरकुरत त्यांना जागा करून दिलीत.

दुसरं भांडण मिटलं नाही. वाक्याच्या रकान्यात मला अर्धी वाक्यं आवडायची. 'भिंतीला टेकून ठेवलेली सायकल.' 'दोरीवर वाळत घातलेलं आईचं लुगडं.' तुम्ही दर वेळी तेच विचारायचात. पुढे काय? लुगड्याचं काय झालं? उडालं, भिजलं, चोरीला गेलं? मी म्हणायची, काही झालं नाही, ते तिथे आहे, मुलाला दिसलं की झालं. तुम्ही म्हणायचात, वाक्य अर्धं सोडायची सवय लागलेलं मूल पुढे सगळंच अर्धं सोडतं. एकदा मी म्हटलं, सगळ्यांनाच शेवटपर्यंत बोलायला मिळत नाही हो, बाई. तुम्ही पेन्सिल खाली ठेवून विचारलंत, म्हणजे काय? आणि मी विषय बदलला.

तेव्हा सांगायला हवं होतं. माझी आई कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होती. लिहायला ती मोठेपणी शिकली, प्रौढांच्या वर्गात, आणि मी पुण्यात हॉस्टेलवर असताना मला पोस्टकार्डं पाठवायची. 'नवीन छप्पर. बाबाचा खोकला. डब्यात धाडलेले लाडू. तुझी आठवण काढणारी माय.' एवढंच. क्रियापदापर्यंत पोचायच्या आधीच तिचा हात दमायचा. ती कार्डं मी जिन्यात बसून वाचायची आणि मला त्यात एक अक्षरही कमी वाटायचं नाही. 'बाबाचा खोकला' वाचून मी परीक्षा सोडून गाडीत बसले होते. तुम्ही माझ्या वाक्यांवर 'अपुरं' असं लिहायचात तेव्हा ते तिच्या कार्डावर लिहिल्यासारखं मला लागायचं. हे तुम्हाला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी तुम्ही मत बदललं नसतंत, तेवढी मी तुम्हाला ओळखते, पण तो शब्द बदलला असतात.

आई गेली तेव्हा तुम्ही मांजरीला माझ्या घरी आलात. मी कळवलं नव्हतं, तुम्हाला मालकांकडून कळलं. दोन बस बदलून, ते गुडघे घेऊन, उसाच्या शेतांतून नव्या इमारतींकडे जाणाऱ्या त्या धुळीच्या रस्त्यानं तुम्ही शेवटचा टप्पा चालत आलात, कारण रिक्षावाल्यानं नाक्यावरच सोडलं. तासभर बसलात. उठताना ओट्यावरचे उष्टे कप विसळून पालथे घातलेत आणि निघालात. त्या दिवशी तरी मी पोस्टकार्डांचं सांगायला हवं होतं. तुम्ही जिना उतरत असताना ते माझ्या ओठांवर आलं होतं.

आणि 'र'. 'राहणे'चे चार अर्थ लिहून मी कार्ड पाठवलं होतं. परत आलं तेव्हा त्यावर पाचवा अर्थ हिरव्या पेन्सिलीनं भरलेला होता: विदर्भात, एखादी क्रिया चालू असणे. आणि वाक्य, अर्थातच पूर्ण वाक्य: 'मेश्राम येऊन राहिली आहे.' मी ते किती वेळा वाचलं, तुम्हाला सांगत नाही. तुमच्यासमोर मी नुसती निळी खूण केली आणि पुढचं कार्ड घेतलं. आभार मानायचे राहून गेले, कारण आपल्यात तशी पद्धत नव्हती.

मग मी जे केलं ते. मालकांना प्रदर्शनात मांडायला 'व'ची नमुना पानं घाईनं हवी होती. तुमच्याकडे कार्डं पाठवायला वेळ होता, एक दिवस लागला असता. मी ती पाठवली नाहीत. वाळलेला, वाकलेला, विझलेला, ओळीनं सगळे, आणि त्यांच्यासमोर माझी अर्धी वाक्यं, हिरवी पेन्सिल न लागलेली, तशीच छापून घेतली. पानं हातात पडली त्या संध्याकाळी तुमचा फोन आला. तुम्ही आवाजही चढवला नाहीत. म्हणालात, "मेश्राम, 'व'ची कार्डं आली नाहीत." मी म्हटलं, "तुमच्याकडे आली असती तर ती माझी उरली नसती." तुम्ही फोन ठेवलात.

पुढच्या मंगळवारी मी आले नाही, त्याच्या पुढच्याही. मांजरीहून कोथरूड म्हणजे शहराचं दुसरं टोक, हे कारण एवढी वर्षं कधी आडवं आलं नव्हतं. आता ते फार सोयीचं झालं. चूक माझी होती हे मला पहिल्या आठवड्यातच पटलं होतं. पण तुम्ही फोन कराल, ओरडाल, मग मी येईन, असं मी ठरवून बसले. तुमचा फोन आला नाही. मीही केला नाही.

चार महिन्यांनी एका दुपारी कुरिअरनं पाकीट आलं. आत एकच कार्ड. शब्दाच्या रकान्यात: येणारी. अर्थाचा रकाना कोरा. वाक्याच्या रकान्यात: 'मंगळवारी येणारी मेश्राम.' बाई, मला वाटलं मी जिंकले. आयुष्यभर लोकांची वाक्यं पुरी करणाऱ्या तुम्ही माझ्याच पद्धतीनं माझी समजूत काढताय, फोन नको, माफी नको, नुसतं एक अर्धं वाक्य. मी हसले. मग निळी पेन्सिल घेतली आणि तुमचेच शब्द तुम्हाला परत केले: 'पुढे काय? क्रियापद कुठे आहे?' त्याच दिवशी कार्ड परत पाठवलं. म्हटलं, ही गंमत अजून एक-दोन फेऱ्या चालेल.

आठवड्यानं दुसरं कार्ड आलं. 'गार झालेला चहा. दोन कप.' त्यावर मी लिहिलं, 'चहाचं काय झालं? वाक्य पूर्ण करा.' तिसरं कार्ड आलं नाही. मी वाट पाहत होते, खरंच पाहत होते. तीन आठवडे गेले आणि एका सकाळी शालनताईंचा फोन आला की तुम्ही पहाटे गेलात.

तेरावं झाल्यावर त्यांनी मला निवांत बोलावून घेतलं आणि सगळं सांगितलं. आपल्या भांडणानंतर दोन महिन्यांनी तुम्हाला मेंदूचा झटका येऊन गेला होता. हातपाय बऱ्यापैकी वाचले, बोलणं गेलं, आणि तेही अर्धंच. वस्तूंची नावं यायची, माणसांची यायची, पण त्यांनी काय करायचं ते यायचं नाही. पाणी म्हणायचात आणि थांबायचात. द्या, हवंय, सांडलं, यातलं काही सापडायचं नाही. डॉक्टर म्हणाले, काही जणांचं असं होतं, क्रियापदंच जातात. कुणालाही कळवायचं नाही, असं तुम्ही हातानं बजावलंत. चाळीस वर्षं मुलांची वाक्यं तपासलेल्या तुम्हाला तसं बोलताना कुणी ऐकावं असं वाटलं नसणार.

मग शालनताईंनी माझ्यापुढे एक दुरेघी वही ठेवली, पहिलीतली मुलं अक्षर गिरवायला वापरतात तसली. माझं पहिलं कार्ड परत आलं त्या दिवशी तुम्ही ती मागवून घेतलीत. पानंच्या पानं: येतो, येते, येतात. बसतो, बसते. जातो, जाते. शालनताई म्हणाल्या, "मी तिला म्हटलं, सुनंदाला फोन करते, धावत येईल. तर तिनं जोरानं मान हलवली आणि कार्डावर बोट ठेवलं. तुझ्या शंकेवर." शंका कार्डावर आली होती, तेव्हा उत्तर कार्डावरच द्यायचं होतं. रोज दुपारी तुम्ही ते कार्ड समोर ठेवून वही गिरवत बसायचात. दुसरं कार्ड मधेच कधीतरी पाठवलंत, बहुधा मला धीर धरवावा म्हणून. वहीत खूप क्रियापदं आहेत, बाई. माझ्या नावापुढे मात्र एकही लागलेलं नाही.

मला तुमचा रागही येतो. शालनताईंना एकदा हो म्हटलं असतंत तर काय बिघडलं असतं? एवढी शिस्त कुणासाठी? नियम मोडणारी मी होते, आणि पाळत बसलात तुम्ही. आता मालक म्हणतात की 'श'पासून पुढचं मी एकटीनं संपवावं. मी कार्डं लिहिते. ती कुठूनच परत येत नाहीत, त्यामुळे लिहिल्याबरोबर पुरी होतात. तुमचं म्हणणं मला अजून पटलेलं नाही, पण न पटायला समोर कुणीतरी लागतं.

त्या दिवशी निघताना शालनताईंनी माझे दोन्ही हात धरले. "तू मनाला लावून घेऊ नकोस," म्हणाल्या. "तुला कसं कळणार होतं? आम्ही कुणाला कळूच दिलं नाही." मी मान डोलावली. रडलेही. बहीण त्यांची गेली होती आणि पाणी त्या मला आणून देत होत्या. त्या माझी समजूत काढत राहिल्या आणि मी काढू दिली.

मला कळलं होतं, बाई. सगळं नाही, पण पुरेसं. पहिलं कार्ड हातात घेतल्याबरोबर अक्षर दिसलं. इतक्या वर्षांत तुमचं अक्षर कधी रकान्याबाहेर गेलं नव्हतं, आणि इथे माझं नाव रेघ सोडून खाली ओघळलेलं. अर्थाचा रकाना तुम्ही कधी कोरा सोडला नव्हता. 'य' तर आपण केव्हाच संपवला होता. मी कार्ड खिडकीशी नेऊन पाहिलं. बाईंचा हात कापतोय, असं माझ्या मनात आलं, याच शब्दांत आलं. दुसरं कुणीही असतं तर चपला घालून निघालं असतं. माझ्या आईच्या दोन शब्दांवर परीक्षा सोडून पळालेली मी, मला काही वाचता येत नव्हतं असं नाही. मी म्हटलं, आधी बाईंना सरळ बोलावू दे. एकदा तरी पुरतं बोलावू दे, मग जाईन. आणि मी पेन्सिल उचलली.

हे मी शालनताईंना सांगितलेलं नाही. त्या दर दोन दिवसांनी फोन करतात. एवढ्या मोठ्या घरात एकट्या आहेत, तरी आधी माझीच चौकशी करतात, जेवलीस का, झोप लागते का. मी हो म्हणते. मग त्या म्हणतात, सुनंदा, ये ना गं एकदा, बरं वाटेल मला. अगदी सरळ, मोकळेपणानं बोलावतात. मी अजून गेलेले नाही.